दहा टक्के कट की टंचावर ९८? जुनं सोनं मोडायला निघालेल्यांसाठी

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. शहाद्याचा दुकानदार म्हणतो सगळ्या मालावर २२ कॅरेटच्या भावात १० टक्के कट (कपात), जळगावला फोन केला तर ते म्हणाले टंच, म्हणजे शंभरात शुद्ध सोनं किती ते, काढू आणि टंचावर ९८ टक्के देऊ, दीर म्हणतात जळगाववाले टंचात मारतील, आणि तुमचे मिस्टर म्हणतात मोडूच नका, बदलून नवीन घ्या. माल असा: सासूबाईंच्या भरीव पाटल्या ४० ग्रॅम, लाखेची बोरमाळ ३१ ग्रॅम, २०१६ ची हॉलमार्कची तुटलेली चेन १२ ग्रॅम बिलासकट, पोतीतली एक गिनी (सोन्याचं जुनं नाणं) आणि एक खड्यांची अंगठी. आणि तुम्ही विचारलंय की दोघांपैकी फसवतोय कोण.

बहुतेक कोणीच नाही. दोघं वेगवेगळ्या गोष्टीवर टक्के सांगून राहिले आणि तुम्ही दहाला दोनाशी जुळवत बसल्या, गोंधळ तिथे आहे. मी जळगावात सराफ बाजारात मोड (विकायला आलेलं जुनं सोनं) घेण्याच्या काउंटरवर बरीच वर्षं बसतोय, म्हणजे मी घेणाऱ्याच्या बाजूचा माणूस, हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचा.

गिऱ्हाईक येतं आणि पहिला प्रश्न टाकतं, "शेठ, काय भाव शे आज?" भाव तर सगळ्या बाजाराला सारखाच असतो हो, पाच-पन्नास रुपये इकडे तिकडे. पैसे जातात ते निव्वळ वजनात आणि टंचात. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की प्रत्येक डागाबद्दल (दागिन्याबद्दल) दुकानदाराला हे विचारा, "यात शुद्ध सोनं किती ग्रॅम धरलं, आणि त्या शुद्ध सोन्याचे तुम्ही किती टक्के देताय?" ही दोन उत्तरं कागदावर आली की शहादा काय आणि जळगाव काय, कोणाशीही तुलना करता येते.

तुमच्या पाटल्या घेऊ. हिशोबाला सोपं जावं म्हणून २४ कॅरेटचा भाव ग्रॅमला १०,००० धरतो, तुम्ही त्या दिवशीचा भाव टाका. मग २२ कॅरेट म्हणजे ९१६ चा भाव झाला ९,१६०. शहादावाला ४० ग्रॅमला ९,१६० लावणार, ते झाले ३,६६,४००, त्यातून १० टक्के गेले की हातात ३,२९,७६०. आता जळगाववाल्याने टंच काढला आणि समजा ८४ निघाला. शुद्ध सोनं ३३.६ ग्रॅम, त्याचे ३,३६,००० आणि त्याचे ९८ टक्के म्हणजे ३,२९,२८०. बघा, दहा टक्के कापणारा आणि दोन टक्के कापणारा, फरक पाचशे रुपयेसुद्धा नाही!

पण त्याच पाटल्या ९१.६ निघाल्या तर टंचवाला ३,५९,०७२ देईल आणि दहा टक्केवाला तेच ३,२९,७६०. एकोणतीस हजारांचा फरक. म्हणजे तुमच्या या दोन दुकानांपुरतं ८४ टंच हा काठ आहे, त्याच्यावर निघालं तर टंचवाला परवडतो, खाली निघालं तर कागदावर तरी कटवाला परवडतो. कागदावर असं म्हणतोय कारण कटवाला काही येडा नसतो. तोही कसोटीवर घासून बघतोच, माल हलका दिसला की म्हणतो ताई याला १० नाही जमणार, १६ लागतील. पण माल चांगला निघाला तर तो स्वतःहून कट ६ वर आणतो का? मी तरी पाहिलं नाही.

जुन्या, शिक्का नसलेल्या पाटल्या किती टंच निघतात हे मला इथून सांगता येणार नाही. कोणत्या सोनाराने, कोणत्या काळात केल्या त्यावर आहे सगळं. माझ्या समोर एकाच घरातली एक पाटली ९० आणि दुसरी ८१ निघालेली आहे, एक आजेसासूची होती आणि एक नंतर जोड पूर्ण करायला केलेली. म्हणून दोन्ही पाटल्यांचा टंच वेगवेगळा काढायला सांगा, एकीवरून दुसरीचा धरू देऊ नका. आतल्या बाजूला केडीएम असा शिक्का असेल तर त्यावर फार विसंबू नका, ते झाळकामात (सांधे जोडायच्या कामात) कॅडमियम वापरल्याची खूण होती, शुद्धतेची सरकारी हमी नाही.

आता दिरांची शंका, टंचात मारतील का. मारू शकतात, खोटं कशाला बोलू. ४० ग्रॅमवर टंचाचा एक पॉइंट म्हणजे ०.४ ग्रॅम, म्हणजे आपल्या धरलेल्या भावाने ४,००० रुपये. ८८ चा ८६ सांगितला की आठ हजार गेले आणि तुम्हाला कळणारही नाही. पण याला इलाज आहे. बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) मान्यता असलेल्या हॉलमार्क सेंटरवर कोणीही सामान्य माणूस आपला डाग घेऊन जाऊन टंच काढून घेऊ शकतो, चार नगांपर्यंत २०० रुपये आणि वर जीएसटी, रिपोर्ट कागदावर देतात. जळगावला अशी सेंटर आहेत, बीआयएसच्या साइटवर जिल्ह्याप्रमाणे यादी मिळते. तीन-साडेतीन लाखांच्या मालाला दोनशे रुपये काहीच नाहीत, तरी लोक हे करत नाहीत, आणि घरी जाऊन म्हणतात सोनार म्हणजे चोरच. काय बोलावं!

मशीनबद्दल एक गोष्ट मात्र समजून घ्या. टंच काढायचं ते एक्स-रेवालं मशीन फक्त वरचा पातळ थर वाचतं, आतलं नाही. तेजाबात (अ‍ॅसिडमध्ये) धुतलेला डाग असेल तर वर शुद्धता जास्त दिसते, नेमकी झाळ आलेल्या जागी धरला तर कमी दिसते. म्हणून एका जागेच्या आकड्यावर सौदा करायचा नाही. दोन-तीन जागी घ्यायला सांगा, एक जागा कानशीने जराशी घासून घ्यायला सांगा, आणि झाळीची जागा सोडून. खरा पक्का आकडा गाळल्यावर निघतो, लगड (गाळून ओतलेला गोळा) झाली की सगळीकडे सोनं सारखं मिसळलेलं असतं.

आणि हो, विकण्याआधी डाग पॉलिश करून चकचकीत करायची हौस करू नका. त्याने भाव एक रुपया वाढत नाही, उलट थोडं सोनंच जातं. दारावर पावडर घेऊन येणारे तर सरळ सोनं विरघळवून नेतात, खेड्यापाड्यात अजून हे चालूच आहे.

आता बोरमाळ. तुमचं सगळं लक्ष पाटल्यांवर आहे पण खरा घोळ इथे होणार. बोरमाळेचे मणी पोकळ असतात, वर सोन्याचा पातळ पत्रा आणि आत लाख. ३१ ग्रॅम हे लाख, दोरा, सोनं सगळ्याचं मिळून वजन आहे. आत लाख किती आहे हे मशीन सांगत नाही, कसोटी सांगत नाही, माझ्यासारखा माणूस हातात घेऊन अंदाज सांगतो आणि घेणारा असल्यामुळे तो अंदाज स्वतःच्या बाजूने सेफ सांगतो. समजा खरी लाख ९ ग्रॅम आहे आणि दुकानदाराने १२ धरली. तीन ग्रॅम सोनं हवेत गेलं, शहाद्याच्या कटाच्या हिशोबाने धरलं तरी पंचवीस हजारांच्या जवळपास. पाटल्यांच्या टंचात पॉइंट पॉइंट भांडून जेवढं वाचवलं ते इथे एका वाक्यात गेलं, "ताई, एवढी लाख असतेच हो यात."

म्हणून लाखेचा डाग अंदाजावर देऊ नका, समोर गाळून घ्या. पण गाळायच्या आधी सगळं ठरवून लिहून घ्या, कारण एकदा बोरमाळ आटवली की तुमच्या हातात पिवळा गोळा उरतो आणि तो परत घेऊन दुसऱ्या दुकानात जायला माणसाचा जीव होत नाही, हे दुकानदारालाही माहीत असतं. ठरवायचं एवढंच: आजचा २४ चा भाव कोणता धरणार, लगडीच्या टंचावर किती टक्के देणार, आणि सौदा नाही पटला तर गाळणावळ किती घेऊन लगड परत देणार. हे न लिहिता मूस (सोनं गाळायचं भांडं) पेटवायला लागला तर हात धरा.

गाळताना तिथून हलू नका, चहा आला तरी. दोरा, काळे मणी आधी काढून घ्या आणि स्वतःजवळ ठेवा. ज्या काट्यावर आधी वजन केलं त्याच काट्यावर लगडीचं वजन करा, काट्यावर काचेचं झाकण हवं आणि वर पंखा गरगरत नको, वजन तिसऱ्या दशांशापर्यंत वाचा. ओतून झाल्यावर मूस वाकडी करून दाखवायला सांगा, टाकणखाराच्या (बोरॅक्सच्या) थरात कधी कधी बारीक दाणा अडकून राहतो. तो दाणा तुमचा आहे. नेहमी लबाडीच असते असं नाही, पण तो दाणा संध्याकाळी दुकानाच्या कचऱ्यात जातो आणि कचरा विकणारं गिऱ्हाईक तुम्ही नसता. भरीव स्वच्छ पाटलीत गाळून घट अगदी थोडी येते, टक्क्याच्या आतच. लाखेच्या डागात अर्थातच मोठी येणार, ती लाखेची असते, तिला घाबरू नका.

चेनचं सोपं आहे. हॉलमार्क आहे, बिल आहे, तर आधी ज्या दुकानातून घेतली तिथेच विचारा. स्वतःचा माल परत घेताना बरीच दुकानं चांगला भाव देतात, काही तर २२ चा पूर्ण भाव देतात, पण तो बदलीवर की रोख हे विचारा, ते प्रत्येक दुकानाचं वेगळं असतं. तुमची चेन २०१६ ची म्हणजे त्यावर सहा अक्षरी एचयूआयडी (प्रत्येक डागाचा वेगळा नंबर) नसणार, तो १ एप्रिल २०२३ पासून सक्तीचा झाला, त्यामुळे बीआयएस केअर अ‍ॅपवर ती सापडणार नाही. घाबरू नका, जुना हॉलमार्क म्हणजे त्रिकोणी खूण, ९१६, सेंटरची आणि दुकानाची खूण, तो विकायला चालतो. नवीन नियम दुकानदाराने विकण्यासाठी आहे, तुमच्याकडचं बिनशिक्क्याचं सोनंसुद्धा तो घेऊ शकतो. "हॉलमार्क नाही म्हणून वेगळे ५ टक्के कापतो" असं कोणी म्हणालं तर सांगा की टंच काढा आणि टंचावर द्या, शिक्क्याचा काय संबंध. या चेनवर १० टक्के कट मात्र अजिबात मान्य करू नका, १२ ग्रॅमला कटात ९८,९२८ आणि टंचावर ९८ टक्क्यांनी १,०७,७२२, सरळ पावणेनऊ हजार जातात. आणि शिक्का ९१६ चा असून टंच बराच कमी निघाला तर मोडून टाकू नका, बिल घेऊन विकणाऱ्याकडे जा. बीआयएसच्या नियमात फरकाच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च असं ग्राहकाला मिळतं.

गिनी मोडीत घालू नका!! ही दोन उद्गारचिन्हं मुद्दाम. खरी गिनी ७.९८८ ग्रॅमची, २२ कॅरेटची, तिच्यात शुद्ध सोनं ७.३२ ग्रॅम, सगळ्या दुनियेला माहीत असलेला माल आहे, आणि गिनी म्हणून घेणारे वेगळे असतात, ते मोडीपेक्षा चांगला भाव देतात. कटाच्या दुकानात सगळ्यांबरोबर टाकली की सात हजारांच्या वर गेले समजा. फक्त पोतीत ओवायला तिला कडी झाळलेली असेल, त्या कडीचं वजन वेगळं, आणि बाजारात सोनारांनी पाडलेल्या नकली गिन्याही भरपूर आहेत, तेव्हा आधी ती खरी आहे का बघून घ्या.

अंगठीतले खडे काढून वजन करायला सांगा, खडे परत मागा, विषय संपला.

भावाबद्दल एक घोळ लोकांचा नेहमी होतो. व्हॉट्सअ‍ॅपवर जो भाव फिरतो तो कधी ३ टक्के जीएसटी धरून असतो. आपल्या हिशोबात १०,००० चा भाव तिथे १०,३०० दिसतो आणि मग लोक म्हणतात याने तीनशे कमी लावले. विकताना जीएसटीशिवायचाच भाव धरतात, त्यात फसवणूक नाही. आणि तुम्ही घरगुती माणूस जुनं सोनं विकताय तर तुमच्याकडून जीएसटी कापायचा प्रश्नच येत नाही. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा जुन्या सोन्यावर ३ टक्के लागणार अशी बातमी पसरली होती, सरकारने लगेच खुलासा केला की तसं नाही, पण ती बातमी लोकांच्या डोक्यातून अजून गेलेली नाही आणि काही दुकानदार तिचा फायदा घेतात.

मिस्टरांचं बदलीचं म्हणणं. बदलीत टक्के गोड दिसतात, "ताई टंचावर शंभर टक्के देतो." पण समोर जो नवीन हार घेणार त्यावर घडणावळ ८ पासून १५-२० टक्क्यांपर्यंत लागते आणि नवीन डागाच्या पूर्ण किमतीवर ३ टक्के जीएसटी लागतो, फरकावर नाही. जुन्यावर दोन टक्के वाचवायला नव्यावर पंधरा द्यायचे. घरात लग्न आहे, डाग घ्यायचाच आहे, तर बदलीच बरी, तिथे जुन्याचे टक्के आणि नव्याची घडणावळ दोन्ही एकदम बोला. पैसे पाहिजे असतील तर बदलीचं नावही काढू नका. आणि पैसे दोन-चार महिन्यांपुरतेच पाहिजे असतील, म्हणजे पेरणीला हवेत आणि कापूस विकून येणार असतील, तर मोडण्याआधी बँकेत सोनं तारणाचं विचारा. पण तुम्ही हे सोनं नकोच आहे म्हणताय म्हणून यात जास्त शिरत नाही.

कधी जायचं? सोमवार ते शुक्रवार, दुपारच्या आत. शनिवार-रविवार वायदा बाजार बंद असतो, दुकानदार सोमवारी भाव पडला तर काय म्हणून थोडं हातचं राखतो. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी किंवा भर लगीनसराईत संध्याकाळी तर जाऊच नका, काउंटरवर नवीन घेणाऱ्यांची गर्दी असते, तुमच्या बोरमाळेसाठी कोणाला अर्धा तास नसतो. भाव एकदम चढलेला असताना सगळा गाव मोड घेऊन येतो तेव्हा टक्केही खाली येतात, ९८ चे ९६ होतात, ते मी स्वतः केलंय, रोकड शेवटी दुकानाचीही मर्यादितच असते.

कागदपत्रं: आधार, पॅन, चेनचं बिल. ओळखपत्र मागितलं म्हणून रागवू नका, चोरीचा माल घेतला तर आम्हाला पोलीस स्टेशनच्या चकरा असतात. न मागता घेणारा उलट संशयाचा. तुमची रक्कम सात-आठ लाखांच्या आसपास जाते, म्हणजे पैसे बँकेतूनच घ्या, दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्यात बसतच नाही आणि दुकानदारालाही दहा हजारांच्या वर रोख देणं खर्चात दाखवायला अडचण असते. आरटीजीएस खात्यात आल्याचा मेसेज दिसेपर्यंत माल टेबलावर तुमच्या बाजूला. खरेदी पावतीवर प्रत्येक डागाचं एकूण वजन, निव्वळ वजन, टंच आणि भाव वेगवेगळा लिहून घ्या.

ती पावती टॅक्सलाही लागेल. सासूबाईंनी घेतलं तेव्हापासूनचा काळ तुमच्याकडे मोजला जातो, त्यामुळे हे दोन वर्षांच्या वरचं सोनं, नफ्यावर १२.५ टक्के कर, २३ जुलै २०२४ पासून इंडेक्सेशन (महागाईप्रमाणे खरेदी किंमत वाढवून धरायची सवलत) मिळत नाही. २००१ च्या आधीचं असेल तर खरेदी किंमत म्हणून १ एप्रिल २००१ ची बाजार किंमत धरता येते, तेव्हा भाव तोळ्याला चार-सव्वाचार हजारांच्या घरात होता. सासूबाईंचं सोनं कोणाच्या वाट्याला आलं, तुमच्या की मिस्टरांच्या की दिरांचाही त्यात वाटा आहे, त्यावर पैसे कोणाच्या खात्यात घ्यायचे ते ठरेल, ते आधी घरात बसून ठरवा आणि सीएला एक फोन करा.

तर तुमच्या मालाचं मी असं करेन: आधी सेंटरवर दोन्ही पाटल्या आणि चेनचा टंच काढून घेईन, चेन तिच्या जुन्या दुकानात दाखवेन, गिनी बाजूला काढेन. पाटल्या ८४ च्या वर असल्या तर टंचवाल्याकडे, खाली असल्या तर सेंटरचा रिपोर्ट खिशात ठेवून शहाद्याच्या दुकानदाराला १० टक्क्यांचं तोंडी बोलणं लेखी द्यायला सांगेन. बोरमाळ जिथे समोर गाळून देतात तिथेच. सगळा माल एकाच दुकानात दिला पाहिजे असं कोणी सांगितलंय, एकत्र दिला की चांगल्याच्या आडून हलक्याचा आणि हलक्याच्या आडून चांगल्याचा हिशोब लपतो.

सेंटरचा रिपोर्ट आला की पाटल्यांचे दोन्ही आकडे, आणि बोरमाळ गाळली तर लगडीचं वजन आणि टंच इथे टाका, त्या दिवशीच्या भावाने मी हिशोब मांडून देतो.